दिवाणखान्यातून गाडी

इंजिन सुरू झालं आणि घरातल्या सहाही माणसांना एकदमच वेड लागलं.

आधी ते नुसतं घरघरलं. मग खोकलं, शिंकलं, मागच्या नळीतून काळ्या धुराचा लोट सोडला, आणि त्या लोटाबरोबर कुठल्याशा उंदराने जमवलेला कापूस उडून थेट वहिनीच्या अंबाड्यावर जाऊन बसला. त्यानंतर जे सुरू झालं ते थांबेचना. ठकठक नाही, अडखळणं नाही. शिवणयंत्रासारखा एकसुरी, गोड आवाज. मधली, म्हणजे दोन भावांमधली बहीण, स्टिअरिंग दोन्ही हातांनी गच्च धरून बसली होती आणि तिच्या तोंडून "अगं बाई, अगं बाई" एवढंच बाहेर पडत होतं.

धाकट्या भावाला पन्नाशी जवळ आली तरी सगळे छोट्याच म्हणत. त्याने हातातला पाना हवेत उडवला. तो पत्र्याच्या छपरावर पडून घरंगळत पुन्हा त्याच्याच पायाशी आला, तर पठ्ठ्याने पुन्हा उडवला. दादा म्हणजे थोरला, वहिनीचा नवरा. जमीन-मोजणीच्या खात्यात जन्म काढलेला, बागेत फिरायला गेला तरी पावलं मोजणारा माणूस. तो चक्क नाचत होता. नाच म्हणजे काय, एका जागी उभं राहून गुडघे वाकवायचे आणि सरळ करायचे. पण दादाच्या मानाने तो धुमाकूळच होता. छोट्याच्या बायकोला इस्पितळात नर्सबाई म्हणत म्हणून घरातही नर्सबाईच म्हणत. तिने बॉनेटला कान लावला आणि जाहीर केलं, "ठोके अगदी नियमित आहेत!" आणि आई, जी आठवडाभर थोरल्याकडे आणि आठवडाभर धाकट्याकडे राहायची, ती परसातल्या खुर्चीवर बसल्या बसल्या टाळ्या वाजवत विचारत होती, "सुरू झाली का रे? खरंच झाली का?"

"झाली, आई!" छोट्या ओरडला. "कान फुटायची वेळ आली आणि विचारतेस काय?"

एवढा जल्लोष व्हावा असंच होतं ते. ही गाडी, दोन दारांची, बुटकी, एके काळी पिवळी, बाबा गेल्यापासून परसात ताडपत्रीखाली गंजत पडली होती. वर्षभरापूर्वी मधलीने ताडपत्री ओढली, तेव्हा तळाच्या पत्र्याला एवढी भोकं होती की ड्रायव्हरच्या जागी बसलं की खालचं गवत दिसायचं. मधली दातांच्या डॉक्टरांना कवळ्या करून देणाऱ्या लॅबमध्ये कामाला. तिने गाडीकडे पाहिलं ते किडलेल्या दातांकडे पाहावं तसंच. कीड पूर्ण खरवडून काढल्याशिवाय वरून भरायचं नाही, हा तिचा हेका. तळाला वेल्डरने घरी येऊन नवे पत्रे जोडले. बाकीचा गंज तिने रोज कामावरून आल्यावर, तारेच्या ब्रशने, पॉलिश पेपरने, आणि जिथे बोट शिरत नव्हतं तिथे लॅबमधल्या चिमुकल्या हत्यारांनी काढला. छोट्या इलेक्ट्रिशियन, त्याने आतली सगळी वायर नव्याने ओढली. वहिनीने जुने पडदे फाडून सीटना कव्हरं शिवली. ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायचं काम नर्सबाईचं. सलाइनची नळी आणि मोठी सिरिंज घेऊन ती चाकाशी उकिडवी बसायची आणि आत पेडलवर बसलेल्या दादाला हुकूम सोडायची: "दाबा. धरा. सोडा. आता दीर्घ श्वास घ्या." दादा बिचारा श्वाससुद्धा घ्यायचा.

आणि हे सगळं आज दुपारच्या आत कामी यायचं होतं. वाहतूक कार्यालयाने निक्षून कळवलं होतं: आज तपासणीत पास झाली तर नंबर राहील, नाहीतर नोंदणी कायमची रद्द आणि गाडी भंगारात. आणि ही गाडी भंगारात जाणं म्हणजे काय, ते सगळ्यांना ठाऊक होतं. बाबांच्या मागे वाटण्या झाल्या, घराचा एक भाग दादाला गेला, एक छोट्याला, आणि मधलीचं काय असं कुणीतरी विचारलं तेव्हा दादा म्हणाला होता, "तिला गाडी." सगळे हसले होते. मधलीही हसली होती, आणि दुसऱ्या दिवशी जाऊन गाडी स्वतःच्या नावावर करून आली होती. दादाच्या घराच्या माडीवरच्या खोलीत ती राहायची, ती खोली दादाची. गाडी तेवढी तिची.

"चला, चला, चला!" छोट्या ओरडला. "ताई, टाक पहिला!"

मधलीने क्लच दाबला, गिअर टाकला, हँडब्रेक सोडला आणि समोर पाहिलं.

समोर भिंत होती.

तिने क्लच दाबूनच ठेवला. दादाचे गुडघे वाकलेल्या अवस्थेतच थांबले. छोट्याचा पाना या खेपेला परत झेलायला कुणी उरलं नाही, तो कुंडीत जाऊन पडला. इंजिन तेवढं मजेत चाललं होतं.

आता भिंत काही आज उगवली नव्हती. वाटण्या झाल्या तेव्हाच ती परसाच्या मधोमध उभी राहिली. गल्लीकडचं मोठं फाटक छोट्याच्या बाजूला गेलं आणि ताडपत्रीखालची गाडी दादाच्या बाजूला राहिली. पण तेव्हा भिंतीवरून दोघा भावांचं असं काही वाजलं की आईने सांगून टाकलं, ह्यापुढे भिंत हा शब्द माझ्या कानावर आला तर मी दोन्ही घरं सोडून जाईन. त्या दिवसापासून ह्या घराण्यात भिंतीचा विषय कुणी काढत नसे. इतका की वर्षभर दर रविवारी छोट्या आणि नर्सबाई हत्यारांची पेटी घेऊन, गल्लीतून बाहेर, रस्त्याला वळसा घालून दादाच्या दारातून आत यायचे, आणि वळसा का घालावा लागतो हे मनातसुद्धा आणायचे नाहीत. सहा माणसं वर्षभर एका गाडीत स्क्रू पिळत होती, आणि ती बाहेर कुठून काढायची हे एकालाही विचारवलं नाही.

"मला वाटलं," दादा घसा साफ करत म्हणाला, "की तू छोट्याशी बोललीस."

"मला वाटलं, तुम्ही दोघं आपसांत बोललात," मधली म्हणाली.

"मी कशाला बोलू?" छोट्या म्हणाला. "मला वाटलं दादाने काहीतरी मोजून ठेवलं असेल. तो सगळं मोजतो!"

"मी बोलणार होते," नर्सबाई म्हणाली, "पण म्हटलं, आपण सून. आपण कशाला त्या... त्या ह्याचं नाव काढा."

"कशाचं?" आईने विचारलं.

सगळे आढ्याकडे पाहू लागले, आणि परसात आढंच नव्हतं.

"भिंतीचं गं, आई!" मधली शेवटी ओरडली. "भिंत, भिंत, भिंत! ही समोर उभी आहे ती!"

आईने भिंतीकडे असं पाहिलं की जणू कुणीतरी आत्ताच आणून ठेवली. मग म्हणाली, "अगं खरंच की. मग गाडी जाणार कुठून?"

त्यावर वहिनीला जे हसू फुटलं ते आवरेना. हसू संसर्गजन्य असतं हे नर्सबाईला माहीत असायला हवं होतं, पण तीच आधी बळी पडली. दोघी जावा एकमेकींना धरून हसत सुटल्या. दादा मात्र गंभीर. छोट्याही गंभीर, आणि गंभीर झाला की छोट्या उदार होतो.

"पाडू या!" तो छाती पुढे काढून म्हणाला. "आत्ता पाडू! माझ्या ताईच्या गाडीसाठी मी माझी भिंत पाडायला तयार आहे!"

"तुझी भिंत?" दादाच्या भुवया वर गेल्या. "भिंत माझ्या हद्दीत आहे."

"चार बोटं तुझ्या हद्दीत असेल! बाकी माझी!"

"चार नाही, सहा. मी स्वतः मोजलीये."

"म्हणजे तुला पाडायची नाही!"

"मी तसं कुठे म्हणालो? मी म्हणालो, पाडायची तर मी पाडणार. तू कोण पाडणारा?"

अरे देवा, म्हणजे आता पाडण्यावरून भांडण! मधलीने कपाळ स्टिअरिंगवर टेकलं, तर हॉर्न वाजला. दोघे दचकले आणि पुन्हा जुंपली. मिटवली ती नर्सबाईने. तिने हसून ओले झालेले डोळे पुसत नवऱ्याला विचारलं, "अरे, पाडशील रे. पण भिंतीला टेकून पलीकडे आपलं न्हाणीघर आहे. फाटकापर्यंत जाताना गाडीला आंघोळ घालणार आहेस का?"

छोट्याची छाती आत गेली. न्हाणीघर त्यानेच बांधलं होतं, टाइल्स निवडायला महिना लावून.

"क्रेन मागवू," दादा म्हणाला.

"गल्लीत विजेच्या तारा आहेत," छोट्या म्हणाला. "माझ्या धंद्यातलं मला सांगू नकोस."

"पुढच्या आठवड्याची मुदत मागू."

"मागितली होती," मधली म्हणाली. "ही मुदतवाढच आहे."

तिने किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं, आणि परसात एकदम इतकं सुनं वाटलं की दोघा भावांना आपापले आवाज किती मोठे आहेत ते ऐकू आलं. मधली गाडीतून उतरली नाही. खिडकीची काच तिने खाली केली, तीही आता न अडकता खाली जात होती, आणि म्हणाली, "मला रडायला येतंय, म्हणून आधीच सांगते, मध्ये बोलू नका. तुम्हा दोघांना घर मिळालं, मला ही मिळाली. मी एका शब्दाने बोलले नाही. वर्षभर हिच्याखाली पाठीवर झोपून मी गंज खाल्लाय, डोळ्यांत, नाकात, केसांत. का, तर एक वस्तू अशी असावी की जी माझी आहे आणि चालते. आणि आता ती चालतेय, तर तीसुद्धा तुमच्या घरात अडकलीये. माझ्यासारखीच."

छोट्याने कुंडीतला पाना उचलला आणि उगाचच पुसत बसला. दादा खाली पाहत होता. मग तो कुणाशीही न बोलता घरात गेला. गेला बाई पळून, असं मधलीच्या मनात आलं, आणि तिला खरंच रडू फुटणार तेवढ्यात वहिनी पुढे झाली.

"वन्सं," वहिनी म्हणाली, "माझ्या दिवाणखान्यातून काढा."

"काय?"

"गाडी. दिवाणखान्यातून. परसाकडचं दार केवढं आहे बघा की. आणि पलीकडे रस्त्याला शटर आहेच."

सगळ्यांनी माना वळवून त्या दाराकडे पाहिलं. दादाचा दिवाणखाना मुळात दिवाणखाना नव्हताच. बाबांचं कपाटांचं दुकान होतं ते. परसात छपराखाली कपाटं तयार व्हायची आणि ह्या रुंद दारातून, चार माणसांच्या खांद्यांवरून, पुढे दुकानात जायची. दुकान मोडल्यावर दादाने तिथे गुळगुळीत फरशी घातली, रस्त्याकडचं शटर आतून पडद्याने झाकलं, पुढे सोफा मांडला आणि काचेचं शोकेस. त्या फरशीवर चपला घालून जायची हिंमत आईचीसुद्धा होत नसे.

"तुझ्या फरशीवरून?" नर्सबाईने छातीवर हात ठेवला. "जाऊबाई, अगं दादा जीव घेतील!"

"घेऊ देत. फरशी पुसायची मीच ना? मग तिच्यावरून काय न्यायचं ते मी ठरवीन."

"वहिनी, आपण तुमच्या पार्टीत!" छोट्या ओरडला. दोन मिनिटांपूर्वी भिंतीवरून जो भावाशी लढत होता, तो आता भावाच्या फरशीवर चाल करून निघाला. "पण दादा काय म्हणेल?"

दादा दारात उभा होता. त्याच्या हातात मोजणीची पोलादी टेप होती. म्हणजे तो आत जाऊन टेप शोधत होता तर! आणि चौकटीचं माप घेऊनही झालं होतं, कारण तो सरळ गाडीशी आला आणि खाली वाकून गाडीची रुंदी मोजू लागला. मधली खिडकीतून पाहत राहिली. दादाला माफी मागता येत नाही, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. त्याला फक्त मोजता येतं.

"आरसे काढले," तो टेप परत गुंडाळत म्हणाला, "तर एकेका बाजूला चार बोटं राहतात. जाईल. पण हळू चालवायची. आणि पायऱ्यांवर फळ्या टाकायच्या, बाबांच्या त्या जाड. छोट्या, धर रे सोफा!"

मग जी काही पळापळ झाली! मधली वर्षभर गंज काढत होती, पण एवढी घाण आणि एवढी गंमत तिने वर्षभरात पाहिली नव्हती. वहिनी आणि नर्सबाईने शोकेसमधली काचेची भांडी पदरात आणि ॲप्रनमध्ये भरभरून स्वयंपाकघरात पोचवली. फळ्या आल्या. पडदा ओढला, तर कडीसकट हातात आला. आणि पडद्यामागे शटर, ज्याला इतक्या वर्षांत कुणी बोट लावलं नव्हतं, ते मख्खासारखं उभं. छोट्याने खालची मूठ धरून जोर लावला. दादाने लावला. दोघांनी मिळून लावला. शटर ढिम्म.

"सरका," मधली म्हणाली.

गंजाशी कसं वागायचं ते आता तिला कळत होतं. ओढाताण करायची नाही. तेल पाजायचं, ठोकायचं, थांबायचं, पुन्हा तेल. तिने दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांत वरपासून खालपर्यंत तेल सोडलं. नर्सबाईने सिरिंज भरून कुलपाच्या भोकात तेलाचं इंजेक्शन दिलं. छोट्याने हातोडीने कडेकडेने ठोकलं. आई खुर्चीसकट आत येऊन बसली होती, तिला काही चुकवायचं नव्हतं.

"आता," मधली म्हणाली. "सगळे."

सगळ्यांनी मिळून उचललं. शटर असं किंचाळलं की रस्त्यावरची माणसं जागच्या जागी थिजली, आणि मग झर्रकन वर गेलं. भसकन उजेड आत आला. दिवाणखान्यात दिवसाचा उजेड! फरशीवर आपलं तोंड दिसतंय हे दादालाही आजच कळलं. बाहेर माणसं गोळा झाली होतीच. सोफा, खुर्च्या, शोकेस आणि टिपॉय एकेक करून फुटपाथवर आले, आणि एक गृहस्थ पुढे होऊन सोफा दाबून पाहत म्हणाले, "विकायचाय का?"

"अहो, नाही नाही," दादा म्हणाला.

"बसून तर बघा," आई म्हणाली. "बसायला काय जातंय? मऊ आहे चांगला."

"आई!"

"अरे, विचारतायत बिचारे!"

मधली परत गाडीत जाऊन बसली. किल्ली फिरवली. क्षणभर काही नाही, मग इंजिन सुरू झालं. दादा दारात उभा राहिला, तिच्याकडे तोंड करून, दोन्ही हात वर, विमानतळावर विमानांना खुणा करतात तशा खुणा करत. छोट्या डावीकडे, नर्सबाई उजवीकडे, डोळे चौकटीवर.

"ये," दादा म्हणाला. "ये. ये. उजवीकडे केसभर. जास्त झाला. केसभर म्हटलं, वेणीभर नाही! ये."

पुढची चाकं फळ्यांवर चढली. गाडीचं तोंड वर झालं आणि मधलीला समोर फक्त दिवाणखान्याचा पंखा दिसू लागला. मग धप्पकन खाली, आणि ती घरात होती. गाडीत बसून घरात! भिंतीवरचं घड्याळ डाव्या खिडकीतून गेलं. दिव्याचं बटण हात बाहेर काढला तर दाबता आलं असतं. गुळगुळीत फरशीवर मागची चाकं किंचित घसरली आणि वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून ओरडली, "बसा, पाहुण्या! चहा टाकू का?"

झालं. मधलीला हसू आलं, आणि हसता हसता पाय क्लचवरून सुटला. गाडीने आचका दिला आणि दिवाणखान्याच्या बरोबर मधोमध बंद पडली. एरवी तिची पाचावर धारण बसली असती. पण फुटपाथवरची माणसं वाकून वाकून आत पाहत होती, सोफ्यावर ते गृहस्थ खरंच बसले होते, दादा हात वर केलेल्या अवस्थेत फरशीवरचे काळे पट्टे बघत होता आणि त्याचे खांदे हलत होते. तो रडतोय की काय म्हणून तिने पाहिलं, तर दादा हसत होता. तोंड मिटून, नाकाने, पण हसत होता. वहिनी तर भिंतीला टेकून खालीच बसली. सगळ्या घराची हसून पुरेवाट झाली, आणि मधलीने डोळे पुसत पुन्हा किल्ली फिरवली. पहिल्या झटक्यात सुरू झाली शहाणी. पलीकडची फळी उतरून ती रस्त्यावर आली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. कशासाठी ते त्यांनाही माहीत नसावं.

आरसे परत बसवून तिघं भावंडं निघाली. दादा पुढे, छोट्या मागे पाय पोटाशी घेऊन. तपासणीच्या आवारात मोठमोठ्या गाड्यांच्या रांगेत ही पिवळी बुटकी शेवटची. अधिकारी म्हणजे सकाळपासून कुणावरच खूश न झालेला माणूस. त्याने खाली टॉर्च मारला, तळाच्या पत्र्यांवर हातोडी वाजवून पाहिली, ब्रेक यंत्रावर चढवले. "बरे आहेत," असं नाराजीनेच म्हणाला. मग म्हणाला, "डावा इंडिकेटर."

मधलीने दांडी दाबली. वायपर फिरले.

"डावा इंडिकेटर म्हणालो मी."

पुन्हा वायपर. वर्षभराची मेहनत, चार-चार बोटं राखून दारातून बाहेर काढलेली गाडी, आणि आता दोन वायपर नाही, नाही करत काच पुसतायत.

"साहेब," छोट्या मागच्या सीटवरून धडपडत बाहेर आला, "दोन मिनिटं. माझीच चूक. सकाळी आनंदात दोन पिना उलट्या लावल्या." तो डॅशबोर्डखाली डोकं घालून उताणा पडला. बाहेर नुसते पाय. आतून त्याचा आवाज आला, "ताई, घाबरू नकोस हं. मी घाबरलोय तेवढं पुरे आहे." मग "दाब!" म्हणाला. मधलीने दाबलं, आणि डावा दिवा लुकलुकायला लागला. उजवाही. ब्रेकचा दिवाही. अधिकाऱ्याने सगळीकडे फिरून पाहिलं, चाकावरच्या पत्र्यावरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला, जोड कुठे सापडेना म्हणून नखाने खरवडूनही पाहिलं.

मग तो शिक्का काढून विचारता झाला, "मालक कोण?"

सवय म्हणतात ती ही. दादा एक पाऊल पुढे आला. छोट्याही आला, गुडघ्याला ग्रीस फासलेला. जन्मभर असला प्रश्न आला की हेच दोघं पुढे व्हायचे, आणि मधली मागे पिशवी धरून उभी. आजही ती नकळत अर्धं पाऊल मागे सरकलीच होती. पण दादा थबकला. त्याने छोट्याची कॉलर धरून त्याला मागे ओढलं, स्वतः बाजूला झाला आणि म्हणाला, "ह्या. ह्या मालक आहेत."

दादाने तिला आजवर कधी 'ह्या' म्हटलं नव्हतं. मधलीला तिथल्या तिथे आकाश ठेंगणं झालं. तिने सही केली, ठसठशीत, रकान्याच्या बाहेर जाईल एवढी मोठी. अधिकाऱ्याने शिक्का मारला.

परत येताना छोट्या मागच्या खिडकीतून ये-जा करणाऱ्या प्रत्येकाला "पास! पास!" म्हणून ओरडत होता, आणि दादा त्याला गप्प बस म्हणत होता, पण फारसं मनापासून नाही.

घराशी आली तर दुकानाएवढं उघडं घर, आणि फुटपाथवर सोफ्यावर आई, वहिनी आणि नर्सबाई ऐसपैस बसलेल्या, हातात चहाचे कप. गाडी पाहताच तिघी ताडकन उठल्या.

"झाली?"

"झाली!" मधली म्हणाली. "पास झाली!"

नर्सबाईने तिचं तोंड खिडकीतूनच दोन्ही हातांत धरलं. वहिनी "माझ्या पडद्यांची सीटं पास झाली" म्हणत टिपॉयभोवती गोल फिरली. दादा आणि छोट्या खाली उतरले, आणि उतरून अंग मोकळं करतायत न करतायत तोच मधली म्हणाली, "आई, पुढे बस. वहिनी, नर्सबाई, चला, मागे."

"आत्ता?" वहिनी म्हणाली. "आणि हा पसारा?"

"घर ह्या दोघांचं आहे. सामान ते आत घेतील."

एवढं ऐकायचा अवकाश, दोघी जावा कप सोफ्यावर ठेवून मागे घुसल्यासुद्धा. आईने आधी चपला झटकल्या, मग आत बसली, आणि दार स्वतःच्या हाताने ओढून घेतलं. दोघे भाऊ फुटपाथवर उभे, मध्ये शोकेस.

"अगं, पण शोकेस दोघांना उचलायचं नाही!" छोट्या म्हणाला.

"मोजून बघा," मागून नर्सबाई म्हणाली, आणि मागची सीट हसण्याने हलली.

दादा खिडकीशी आला. आत वाकून त्याने एकदा आईकडे पाहिलं, एकदा मधलीकडे, आणि विचारलं, "कुठे निघालात? आणि कधी येणार?"

कधी येणार. आधी बाबा विचारायचे, मग दादा. लॅबमध्ये उशीर असो, मैत्रिणीकडे जायचं असो, नुसतं कोपऱ्यापर्यंत फिरून यायचं असो, मधली दारातून पाय बाहेर टाकताना हा प्रश्न यायचाच. आणि तिने प्रत्येक वेळी वेळ सांगितली होती, आणि सांगितलेल्या वेळेच्या आधी परतली होती. कुणाच्या तरी घरात राहायचं, तर कुणाला तरी दार उघडायला जागं ठेवायचं नाही, असं ती मानायची. आजही वेळ तिच्या ओठांवर आली.

"बघू," मधली म्हणाली, आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली.